तुझी तिरंदाज त्या पुस्तकात का नव्हती

तू मला ताई म्हटलंस आणि माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीच लिहिते. आधी तुझा प्रश्न मला कसा कळला ते सांगते, म्हणजे चुकत असेन तर तुला लगेच कळेल.

तू भांडुपची, एस.वाय.ला आहेस. मैत्रिणीच्या घरी २०२३ मध्ये आलेला 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम बघितलास. तुझ्या लॅपटॉपवर तो चालेना, म्हणून त्या मालिकेतला पहिला, १९९८ चा गेम २०१२ च्या सुधारित आवृत्तीत घेतलास आणि ११० तास खेळलीस. तुझी नायिका एल्फ जमातीची, धनुष्य चालवणारी, कमी बोलणारी. मग माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर तुला त्याच नावाची फिलिप अथान्स यांची १९९९ ची कादंबरी दिसली. १२० रुपये देऊन ती घेतलीस, स्लो लोकलमध्ये उघडलीस आणि घाटकोपर यायच्या आत मिटलीस. नायक होता अब्देल एड्रियन नावाचा धिप्पाड भाडोत्री तलवारबाज. गेममधली सोबतीण इमोएन कुठेच नव्हती. दुसरी सोबतीण जाहीरा होती, पण तिची गोष्ट त्या अब्देलच्या प्रेमाकडे वळवलेली. त्यानंतर हट्टाने पुस्तक पूर्ण केलंस आणि आणखी चिडलीस.

तू विचारतेस, लेखकाने गेम खेळला नव्हता का? मी उगाच मनाला लावून घेतेय का? यातलं खरं कोणतं मानायचं? आणि शेवटी एका ओळीत, जाता जाता विचारावं तसं: माझ्या तिरंदाजाची गोष्ट मी लिहिली तर तीही अशीच होईल का? मला तुझा हा शेवटचा प्रश्नच मुख्य वाटतो. पण तिथपर्यंत जायला आधीच्या तिन्हींतून जावं लागेल.

मी २४ वर्षं दादरला बसून दुसऱ्यांच्या गोष्टींची पुस्तकं करते. संपादन, पुनर्लेखन, मुद्रितं तपासणं, जे पडेल ते. चार वेळा दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रांवर स्वतः कादंबरी लिहिली आहे: दोन टीव्ही मालिकांवर, एक चित्रपटावर, एक गेमवर. मालिकांवरची पुस्तकं बऱ्यापैकी चालली. गेमवरचं फसलं, आणि तू लिहिलंस तसंच पत्र मला एका मुलीने लिहिलं होतं. त्यामुळे तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी उभी राहिलेली आहे.

तुझ्या रागात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली, पुस्तकात चुका आहेत. दुसरी, पुस्तकाने माझं काहीतरी काढून घेतलं. पहिली तक्रार सिद्ध करता येते. 'मास इफेक्ट' या अंतराळातल्या गेमवर २०१२ च्या सुरुवातीला 'डिसेप्शन' नावाची कादंबरी आली. आधीच्या तीन कादंबऱ्या ड्रू कारपिशिन यांच्या होत्या, ही विल्यम डिट्झ यांनी लिहिली. वाचकांनी काही दिवसांतच चुकांची लांबलचक यादी केली. आधीच्या पुस्तकात स्वमग्न असलेली मुलगी इथे तशी राहिली नव्हती, समलिंगी म्हणून दाखवलेला पुरुष इथे बायकांकडे ओढला जात होता. यादी इतकी चोख होती की गेमची कंपनी आणि प्रकाशक दोघांनी चुका मान्य केल्या आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू असं जाहीर केलं. तिथे वाचक बरोबर होते, आणि त्यांच्यावर 'अति करता' असा शिक्का मारणारे चूक होते. पात्राचा स्वभाव हा कथेचा पाया असतो. त्याला तारीख-वाराची चूक समजून सोडून देता येत नाही.

पण तुझं तसं नाही. समज, अब्देलच्या पुस्तकातल्या नकाशाच्या, देवांच्या, शस्त्रांच्या सगळ्या चुका कुणी सुधारून दिल्या. तुझा राग जाईल का? जाणार नाही, कारण तरीही तिथे अब्देलच असेल. तुझी दुःखाची जागा दुसऱ्या तक्रारीत आहे, आणि ती कुठल्याही शुद्धिपत्रात बसत नाही.

आता 'लेखकाने गेम खेळला नव्हता का' याकडे येते. हा प्रश्न अशा जवळजवळ प्रत्येक पुस्तकाबद्दल विचारला जातो. पुष्कळदा कारण अगदी साधं असतं: लेखक लिहायला बसतो तेव्हा खेळण्यासारखा गेमच तयार नसतो. विकणाऱ्यांना पुस्तक गेमबरोबर दुकानात हवं असतं. हस्तलिखित, मालकांची मंजुरी, जुळणी, दोनदा मुद्रितं, मुखपृष्ठ, छपाई, वितरण हे सगळं मागे मोजत गेलं तर मराठीत चार-पाच महिने आणि परदेशात त्याहून जास्त आधी लेखकाला काम हातावेगळं करावं लागतं. गेम करणारे मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत बदल करत असतात. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' हा गेम डिसेंबर १९९९ मध्ये आला. त्यावरची कादंबरी त्याआधीच दुकानात होती, आणि गेम खेळून तिच्याकडे गेलेल्यांना दोन्हींत बरंच अंतर आढळलं.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. २०१६ साली एक छोटा स्टुडिओ कोकणातल्या लोककथांवर मोबाइल गेम करत होता. वेताळ, देवचार, गावाचा राखणदार, खाडी, देवराई. माझ्या आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे मी ऐकताक्षणीच हो म्हटलं. खेळणाऱ्याला तिघांतून एक पात्र निवडता यायचं: गुरवाची मुलगी, तांडेलाचा मुलगा किंवा दशावतारात संकासुर करणारा पोरगा. मला ५८ पानांचं 'बायबल' मिळालं (कथेच्या मूळ टिपणाला मालिकावालेही हेच म्हणतात), थोडी चित्रं आणि पहिले तीन टप्पे खेळता येतील असा कच्चा गेम. मुदत १० आठवडे, पुस्तक १२ फॉर्म्यांचं, म्हणजे १९२ पानं.

पहिला निर्णय मी दोन दिवसांत घेतला: नायक तांडेलाचा मुलगा. समुद्रावरची सुरुवात मला सोपी जाणार होती, आणि विक्री बघणारे गृहस्थ म्हणाले होते की मुलगा नायक असेल तर पुस्तक जास्त खपेल. मी मान डोलावली. गुरवाची मुलगी तिसऱ्या प्रकरणात एका परिच्छेदापुरती आली. तेव्हा मला ते कथेच्या सोयीचं वाटलं होतं. आज वाटतं, तिथेच पुस्तक गेलं.

दुसरी गोष्ट माझ्या हातात नव्हती. मला दिलेल्या टिपणात खाडी पार करताना तरीवरची म्हातारी बुडते. मी तो प्रसंग मन लावून लिहिला, माझी आजी आठवून लिहिला. पुस्तक छापायला गेल्यावर स्टुडिओने तो टप्पा बदलला. आता राखणदाराला नारळ-विडा ठेवून नीट गाऱ्हाणं घातलं तर म्हातारी वाचते, नाहीतर बुडते. तिचा जीव खेळणाऱ्याच्या हातात आला. मला कुणी कळवलं नाही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पुस्तक छापतंय हे तिथे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

पुस्तक आलं आणि महिन्याभरात विरारहून एका शाळकरी मुलीचं पत्र आलं, सोबत माझंच पुस्तक. तिने लिहिलं होतं: 'तुम्ही आजीला का मारलं? तिला वाचवायला मी चार रात्री जागले.' आणि पुढे: 'मी गुरवाची मुलगी होते. तुमच्या पुस्तकात मी आठ ओळी आहे.'

'मी आठ ओळी आहे.' हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. गेम खेळलेलं माणूस सांगताना 'मी' म्हणतं. तूच लिहिलं आहेस, 'नॅशकेलच्या खाणीत मी सहा वेळा मेले.' तुझी तिरंदाज मेली असं तू लिहिलं नाहीस. चित्रपट बघून आलेलं कुणी असं बोलत नाही, कादंबरी वाचूनही नाही. कादंबरीचं व्याकरण 'तो गेला, त्याने तलवार उपसली' असं असतं. आपण त्याच्या मागोमाग चालतो, जवळही जातो, पण तो दुसराच असतो हे मान्य करून. तू ११० तास 'मी' म्हणून जगलेली गोष्ट कुणीतरी 'तो' म्हणून सांगायला बसलं, आणि तो 'तो' तुझ्यासारखा दिसतही नव्हता. बाई म्हणून खेळलेल्या वाचकाला हे जास्त लागतं. निवडीची मुभा असलेल्या गेमचं पुस्तक करताना नायक पुरुषच घ्यायचा, ही सवय त्या काळात फार घट्ट होती, आणि २०१६ साली माझ्यातही होती हे मी वर सांगितलंच. तेव्हा तू उगाच मनाला लावून घेतलेलं नाहीस. तुझ्या हातून काहीतरी खरोखरच गेलं आहे.

हे किती लागतं ते गेमवर अवलंबून असतं. ज्या गेममध्ये नायक ठरलेला असतो, त्याचं नाव, चेहरा, भूतकाळ कंपनीनेच दिलेला असतो, तिथे कादंबरीला वाट मोकळी असते. तिथे तू त्याची सोबतीण असतेस. 'बाल्डर्स गेट'सारख्या गेममध्ये जमात, वर्ग (म्हणजे योद्धा, चोर, जादूगार असं काम), लिंग, चेहरा, चांगुलपणा सगळं तूच ठरवतेस. बरोबर घेता येतील असे मूळ गेममध्येच २५ जण भेटतात आणि एका वेळी आपल्यासकट सहाच चालू शकतात. म्हणजे प्रत्येक खेळणाऱ्याची टोळीही वेगळी. अशा गेमची सरळ कादंबरी करायला घेणारा लेखक पहिल्याच पानावर हजारो वाचकांना 'तुमचं नाही, हे माझं' असं सांगत असतो. तो कितीही चांगला असो, त्याला ते सांगावंच लागतं.

त्यात वेळाचा हिशेब येतो. तुझे ११० तास आणि त्या पुस्तकाचे फार तर सात-आठ. इमोएन तुला का आवडली, आठवून बघ. नायिकेला वाढवणारा गोरायन मारला गेल्यावर सकाळी ती येते, तुझ्या मागे लागते, आणि मग कितीतरी तास नुसती चालते. निवडलं की तीच ती दोन-चार वाक्यं बोलते. कुलपं उघडते, सापळे शोधते, कधी पडते आणि मग तू देवळात पैसे भरून तिला उठवतेस. तिच्या वाट्याला कथेत फार काही नाही. तुमची ओळख या रिकाम्या चालण्यात झाली आहे. कादंबरीकाराला टिपण मिळतं तेव्हा त्यात हे चालणं कुठेच लिहिलेलं नसतं. त्याला दिसते कथानकात फारसं काही न करणारी एक मुलगी, आणि पानं वाचवायची असतात, म्हणून तो तिला गाळतो. मी गुरवाच्या मुलीचं हेच केलं. दशावताराचं नाटक पाहिलं असशील तर हे पटेल. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात आणि समोरच्या गावाला बघून वाढवतात. त्या रात्रीचं आख्यान चार पानांत उतरवून कुणी तुला दिलं तर कथा पूर्ण असेल, पण ज्यासाठी गाव पहाटेपर्यंत बसलं होतं ते त्यात सापडणार नाही.

मारामारीचंही तसंच. त्या गेममध्ये स्पेसबार दाबला की सगळं थांबतं आणि तू विचार करतेस: आधी कुणाला पाडायचं, मंत्र कुणावर टाकायचा, कुणाला मागे घ्यायचं. तिथे लढाई म्हणजे विचार. पुस्तकात मात्र ती वार, रक्त, पुन्हा वार अशी पानंच्या पानं होते, आणि विचार करायची पाळी आपली नसते, म्हणून कंटाळा येतो. मुळात तू सहा वेळा मरून पुन्हा लोड करू शकतेस. पुस्तकातल्या माणसाला एकदाच मरायचं असतं. मग त्याला भीती वाटायला हवी. जे लेखक गेममधला बेफिकीरपणा तसाच उचलतात त्यांचा नायक दगडासारखा वाटतो.

एवढ्यावरून 'अशी पुस्तकं वाईटच होतात' असं म्हणू नकोस. मुदत कमी होती, मानधन एकरकमी होतं, म्हणून लेखकाने उरकलं, हेही मला पूर्ण पटत नाही. 'हेलो' या गेमवरची एरिक नायलंड यांची 'द फॉल ऑफ रीच' सात आठवड्यांत लिहिली गेली, गेमच्या आधी काही दिवस, २००१ मध्ये आली, आणि त्या गेमचे चाहते आजही ती मानतात. तिथे लेखकाने गेमची गोष्ट सांगितलीच नाही. गेम सुरू होण्याआधी काय घडलं ते सांगितलं. 'ड्रॅगन एज'चे मुख्य लेखक डेव्हिड गेडर यांनी २००९ मध्ये, गेमच्या काही महिने आधी, 'द स्टोलन थ्रोन' लिहिली तीही गेमच्या आधीच्या पिढीतल्या राजाची. ग्रेग कीज यांनी 'एल्डर स्क्रोल्स'वर लिहिताना 'ऑब्लिव्हियन' या गेमनंतर ४० वर्षांनीचा काळ घेतला. आणि सगळ्यांत बोलकं उदाहरण 'वॉरक्राफ्ट'चं आहे. ऑर्क जमातीतल्या थ्रालवरचा एक साहसी गेम १९९८ मध्ये बाजारात येण्याआधीच रद्द झाला, आणि त्याची कथा क्रिस्टी गोल्डन यांनी २००१ मध्ये 'लॉर्ड ऑफ द क्लॅन्स' या कादंबरीत लिहिली. तो गेम कुणी खेळलेलाच नव्हता, त्यामुळे वाचकाचा कुठलाच 'मी' लेखिकेच्या आड येत नव्हता.

या पुस्तकांत मला एक गोष्ट सारखी दिसते. जिथे खेळणारा स्वतः पाऊल टाकून आलेला नाही, अशी जागा लेखकाने निवडली आहे. आज कुणी मला असं काम दिलं तर माझा पहिला प्रश्न हाच असेल: खेळणारे कुठे गेलेले नाहीत?

यावर तू म्हणशील, मग सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवर कादंबरी होतच नाही का? होते, आणि मराठी माणसाला ते सांगायला नको. कर्णाचं काय झालं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. कवचकुंडलं जाणार, चाक रुतणार. तरी १९६७ साली आलेली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' घराघरांत वाचली गेली. तिची रचना बघ. नऊ भाग, सहा निवेदक, कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण, आणि प्रत्येक जण 'मी' म्हणून बोलतो. घटना बदलून नवं काही देण्याची धडपड त्यात नाही. ज्या घटना आपण बाहेरून पाहिल्या होत्या त्या आतून दाखवल्या आहेत. गेमवर लिहिणाऱ्याला हेच करता येतं, कारण गेम इतकं सगळं दाखवतो, पण पात्राच्या डोक्यात बसून राहणं त्याला जमत नाही. तू पॉज केलंस की सगळे थबकतात. तेवढ्यात तुझी अबोल तिरंदाज काय विचार करते, हे गेममध्ये कुठेच नाही.

आता 'खरं कोणतं'. याचं सरळ उत्तर मालक देतात, आणि मालकांचं उत्तर बदलतं. 'बाल्डर्स गेट'चं जग मुळात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या खेळाचं. २०१३ मध्ये त्या खेळासाठी आलेल्या एका अधिकृत साहसपुस्तिकेत तुझ्या गेमच्या नायकाचं नाव अब्देल एड्रियन असंच धरलं गेलं, म्हणजे कादंबरीतला माणूस अधिकृत झाला आणि तुझी तिरंदाज झाली नाही. पुढे २०२१ मध्ये तो खेळ काढणाऱ्या कंपनीच्या मुख्य रचनाकाराने सांगितलं की त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम अधिकृत धरलेले नाहीत. या निर्णयांमागे पुढचं उत्पादन सोपं जावं हा विचार असतो, आणि तो त्यांच्या जागी योग्यच आहे. पण तुझ्या सेव्ह फाइलमध्ये जे घडलं ते घडलं. दुसऱ्या कुणी अब्देल खेळला असेल तर त्याचंही घडलं. मालिकांवर लिहिताना मीही अधिकृत टिपणाला धरून चालते, कारण तो माझ्या कामाचा भाग आहे. वाचकावर मात्र ते बंधन नसतं.

इथवरचं थोडक्यात: तुझा राग चुकांवर नाही, 'मी' हिरावला गेल्यावर आहे. तो हिरावणं अशा खुल्या गेमच्या सरळ रूपांतरात जवळजवळ अटळ असतं. आणि चांगली पुस्तकं एकतर न खेळलेल्या जागी जातात किंवा पात्राच्या आत शिरतात.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अशीच होणार नाही, पण एका अटीवर. गेमची मुख्य कथा सांगायला बसू नकोस. गोरायनच्या मृत्यूपासून शेवटचा शत्रू सारेवोकपर्यंत सगळं ओळीने लिहिलंस तर तुझीही तिरंदाज दुसऱ्यांसाठी अब्देल होईल. दुसरी खेळणारी वाचेल आणि म्हणेल, माझी अशी नव्हती.

एक रात्र घे. फ्रेंडली आर्म सराईतली पहिली रात्र, उदाहरणार्थ. गेममध्ये तू विश्रांतीचं बटण दाबलंस आणि सकाळ झाली. ज्याने वाढवलं तो म्हातारा आदल्या रात्री डोळ्यांसमोर मारला गेलाय, आता भोवती अनोळखी माणसं आहेत, शेजारच्या खाटेवर इमोएन आहे. झोप लागली का? कमी बोलणारी मुलगी अशा रात्री काय करते? 'मी' म्हणून लिही. १,५०० शब्दांच्या वर जाऊ नकोस.

किंवा याहून अवघड: जो निर्णय तू लोड करून पुसून टाकलास तो लिही. प्रत्येक खेळणाऱ्याचा असा एखादा असतो. कुणाला तरी मरू दिलं, कुणाशी खोटं बोललीस, ते सहन झालं नाही, म्हणून मागे गेलीस. पुस्तकात मागे जाता येत नाही. तुझ्या तिरंदाजाला त्या निर्णयासकट दुसऱ्या दिवशी उठायला लाव. मी संपादन केलेल्या नवख्या लेखकांच्या लिखाणात जिथे जिथे जीव आला तो अशाच जागी आला, जिथे लिहिणाऱ्याला स्वतःला थोडी लाज वाटत होती.

भाषेबद्दल एक. लेव्हल, पॉइंट्स, वर्ग हे शब्द पात्राला माहीत नसतात, ते गाळ. 'स्पेल'ला सगळीकडे मंत्र म्हणायची घाई करू नकोस, मंत्र म्हटलं की आपल्या कानात देवघर येतं. कुठे जादू चालेल, कुठे टोणा, कुठे नुसतं 'तिने हात वर केला आणि दिवे विझले' एवढं पुरेल. ड्रुइड, एल्फ हे तसेच ठेव. त्यांना मराठी पर्याय शोधण्यात माझा एकदा आठवडा गेला आणि शेवटी वाचकाला मूळ शब्दच जवळचे निघाले.

हे लिखाण स्वतःसाठी, मैत्रिणींसाठी कर. ती पात्रं आणि ते जग दुसऱ्यांच्या मालकीचं आहे, विकायला काढता येणार नाही. पुढे कधी असं काम कुणी पैसे देऊन सांगितलं तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी माग: खेळता येईल असा गेम किती तयार मिळेल, मंजुरी कोण देणार आणि किती फेऱ्यांत, आणि कथा बदलली तर किती दिवसांत कळवणार. माझ्या करारात आता 'सात दिवसांत लेखी कळवणे' असं कलम असतं. हक्क किती काळासाठी देतेस तेही लिहून घे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरतात. या कामात बहुतेक वेळा सगळं कायमचंच मागितलं जातं. द्यायचं की नाही हे मानधन बघून ठरव, पण न वाचता देऊ नकोस.

आणि ती १२० रुपयांची कादंबरी माटुंग्याला परत विकू नकोस. पेन्सिल घेऊन पुन्हा वाच, आणि जिथे तुझी तिरंदाज वेगळं वागली असती तिथे समासात लिही. विरारच्या त्या मुलीने माझ्या पुस्तकावर तसंच केलं होतं. तिची ती प्रत माझ्या टेबलावर असते. पान १७१ वर तिने खाडीचा अख्खा प्रसंग निळ्या शाईने खोडला आहे, आणि वर लिहिलं आहे की गुरवाच्या मुलीने गाऱ्हाणं घातलं, राखणदाराने वाट दिली, आजी पलीकडे उतरली आणि तिने भिजलेलं लुगडं पिळलं. लुगडं पिळणं मला सुचलं नव्हतं.